भिंतीकडची बाजू

सरांनी माझ्या वडाची कुंडी अर्धी फिरवली, मातीत खोचलेली काडी उपटली आणि बरोबर उलट्या बाजूला खोचली. बोलले काहीच नाहीत, पुढच्या झाडाकडे वळले. बोन्साय करणाऱ्यांना या काडीचं महत्त्व सांगायला नको. झाड कुठून बघायचं हे ठरलं की त्या बाजूला कुंडीच्या काठाशी एक काडी खोचायची. मग कुठली फांदी ठेवायची, कुठली काढायची, शेंडा कुठे न्यायचा, कुंडी कोणती घ्यायची, सगळं त्या काडीच्या बाजूने बघत ठरतं. माझी काडी मी पुष्कळ विचार करून लावली होती. नाशिकच्या गंगापूर रोडच्या त्या गच्चीवर रविवारची गर्दी होती, चहा फिरत होता, कुणाच्या लक्षातही आलं नसेल. मी मात्र घरी येताना रिक्षात कुंडी पायांमध्ये धरून त्या काडीकडेच बघत होते. उपटून होती तिथे परत लावणं म्हणजे क्षणाचं काम. ते करवेना, आणि तशीच राहू देणंही जमेना.

त्या दिवशी सगळे जमले होते ते खरं तर ज्युनिपर या सूचिपर्णी झाडासाठी. कोवळा, गुडघ्याएवढा, नर्सरीत कटिंगवरून वाढवलेला. सरांनी आधी बुडाची माती बोटांनी उकरून मुळं कुठे कशी फाकतात ते पाहिलं. मग आतली पिवळी पडलेली पालवी चिमटीने काढत काढत खोड मोकळं केलं. पेन्सिल तासताना येतो तो वास गच्चीभर पसरला. चांगल्या पेन्सिली एके काळी ज्युनिपरच्याच एका जातीच्या लाकडाच्या होत असत. हात चालू ठेवून सर सांगत होते. ज्युनिपरचा जीव पानात. फांदी पूर्ण उघडी केली की ती गेलीच, जुन्या लाकडातून तिला पुन्हा फुटवा यायचा नाही. म्हणून छाटताना प्रत्येक फांदीवर थोडी हिरवी पालवी राखायची. नको असलेली फांदी बुडातून काढायची घाई करायची नाही. साल सोलून ती वाळकी, पांढरी तशीच ठेवता येते, तिला जिन म्हणतात. खोडावरच्या सालीचा पट्टा मेला तर तो शारी. मुळापासून पालवीपर्यंत सालीची एक जिवंत धार शाबूत असली की बाकीचं खोड मेलेलं असूनही ज्युनिपर शेकडो वर्षं जगू शकतो, आणि ते मेलेलं लाकूड लवकर कुजतही नाही. आपलं गेलेलं अंग अंगावर बाळगून जगणारं झाड.

मग ते रानातून आणलेल्या ज्युनिपरांकडे वळले आणि मी वही मिटून नुसती ऐकत राहिले. जपानात शिकोकू बेटावर इशिझुची नावाचा डोंगर आहे. तिथल्या कड्यांवर बर्फाच्या ओझ्याने, वाऱ्याने, वरून कोसळणाऱ्या दगडांनी पिळवटलेले ज्युनिपर असत. ते काढायला माणसं दोराला लोंबकळत कड्यावर उतरायची. इतके काढले की डोंगरावर जवळजवळ उरलेच नाहीत. आता कटिंगवरून रोप करतात आणि डोंगराने दिला असता तो पीळ तारेने देतात. बोलता बोलता सरांनी त्या कोवळ्या खोडाला ओला रॅफिया, म्हणजे ताडासारख्या झाडाच्या पानाचा धागा, गुंडाळला, वर तांब्याची तार चढवली आणि दोन्ही हातांनी पीळ घालायला सुरुवात केली. आतून बारीक करकर ऐकू आली. कुणीतरी "अहो, अहो" म्हणालं. सर म्हणाले, "थांबा, ऐकू द्या." आणि कान देऊन, लाकूड तुटायच्या अलीकडे हात आवरत, त्यांनी तो पीळ पूर्ण केला. मला तो माणूस त्या क्षणी फार आवडला. म्हणूनच त्यांनी काडी हलवली ते मनातून जाईना.

माझा वड डोंगरातला नाही. भिंतीतला आहे.

जुन्या नाशकात, तिवंध्याजवळ, आमच्या सासरचा वाडा होता. काळ्या दगडाचं जोतं, वर चुन्यात बांधलेल्या विटा, मधला चौक आणि चौकाच्या कोपऱ्यात न्हाणीघर. बंबाचं पाणी, अंघोळीचं पाणी, धुण्याचं पाणी त्या भिंतीच्या बुडाशी वर्षानुवर्षं मुरत राहिलं. कधीतरी एखाद्या बुलबुलाने नाहीतर कोकिळेने वडाचं बी तिथल्या फटीत टाकलं. या भागात याचं कुणाला नवल नाही; गोदाघाटावरच्या देवळांपासून सराफ बाजारामागच्या बोळांपर्यंत, जिथे चुना आणि ओल आहे तिथे वड-पिंपळ डोकं काढतातच. मी लग्न होऊन आले तेव्हा ते झाड हातभर होतं. वाडा सोडला तेव्हाही हातभरच होतं. कारण दर वर्षी दिवाळीच्या आधी, भिंतींना रंगसफेदी करायच्या वेळी, सासूबाई कोयता घेऊन त्याच्यासमोर उभ्या राहायच्या. आधी हात जोडायच्या, मग एका घावात शेंडा उडवायच्या. पांढरा चीक विटांवरून ओघळायचा. मुळाला मात्र कुणी हात लावला नाही. वड मुळासकट काढायचा नाही, हे घरात कुणी मोठ्याने बोललेलं मी ऐकलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं. ज्येष्ठात त्याच सासूबाई नथ घालून, आंब्यांचं वाण घेऊन, पंचवटीतल्या मोठ्या वडाला सूत गुंडाळायला जायच्या. बाहेरच्या वडाला सूत आणि घरातल्याला कोयता, यात त्यांना कधी विसंगती वाटली नाही. आता मलाही वाटत नाही. एक झाड पूजेचं होतं, एक भिंत पाडू शकेल असं होतं, आणि दोघांनाही त्या नमस्कार करत होत्या.

बोन्साय शिकायला लागल्यावर मला त्या कोयत्याचा अर्थ कळला. वरून कापत राहिलं की खोड बुडाशी जाडावत जातं. प्रत्येक घावाखालून नवा फुटवा थोडी दिशा बदलून निघतो, त्यामुळे खोडाला वळणं पडतात आणि ते वर निमुळतं होत जातं. लोक यासाठी झाडाला दहा-पंधरा वर्षं देतात. आमच्या न्हाणीघराच्या भिंतीवर ते काम चालूच होतं, दर अश्विनात, रंगाच्या डब्यांच्या शेजारी.

वाडा पाडायला काढला तेव्हा रोहिण्या लागल्या होत्या. उन्हाचा तडाखा होता, पण हवेत ओल जाणवायला लागली होती, म्हणजे वडाला हलवायची हीच वेळ. गवंड्याने वाड्याची ती भिंत शेवटी घेतली, माझ्याकरता. त्याने सब्बल लावली नाही. छन्नीने एकेक वीट सुटी करत आत गेला. मूळ विटांमागे विटा पार करत थेट भिंतीच्या गाभ्यात शिरलेलं. ते बाहेर आलं तेव्हा चुन्याचे खडे त्याने घट्ट धरून ठेवलेले. ओल्या बारदानात गुंडाळून घरी आणलं, सगळी पानं खुडली, लांब मुळं कापली. ज्युनिपरला असं केलं असतं तर तो तिथेच संपला असता. वड भिंतीत वाढतो तेव्हा मुळं फुगवून त्यात पाणी साठवतो. त्याचा जीव खाली असतो. कुंडी नव्हती, म्हणून द्राक्षाचा प्लॅस्टिकचा क्रेट घेतला, आतून शेडनेटचं अस्तर लावलं. त्यात विटांचा चुरा, भरड वाळू आणि थोडं कुजलेलं शेणखत. चुरा त्याच भिंतीच्या विटांचा केला. वर पिशवी झाकून क्रेट सावलीत ठेवला. आषाढात खोडावर बारीक लालसर टोकं दिसली तेव्हा मी आधी कुणाला सांगितलंच नाही, दृष्ट लागेल असं वाटलं.

रानातून झाड आणण्याचा विषय निघाला की माझं मन नेहमी दोन बाजूंना ओढलं जातं. अंजनेरीच्या कड्यांवर, ब्रह्मगिरीच्या वाटेवर खडकाला बिलगलेले असे वड-पिंपळ दिसतात की थांबून बघत राहावं. वय मोठं, उंची कमी, मुळं दगडावर भाकरी थापावी तशी पसरलेली. गटातल्या एखाद्याच्या डोळ्यांत लोभ दिसतो, माझ्याही दिसत असेल. पण ती झाडं तिथलीच. त्यांच्या मुळांत माती धरलेली असते, फळांवर पाखरं जगतात, आणि वनखात्याच्या जागेतून रोप उचलणं गुन्हा आहे तो आहेच. भिंतीतलं झाड मात्र भिंतीबरोबर जाणारच होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत राडारोड्याखाली.

अण्णा, म्हणजे माझे वडील, पिंपळगाव बसवंतला द्राक्षबाग करतात. छाटणी मी त्यांच्या मागे फिरून शिकले, कुठल्याही वर्गात नाही. एप्रिलात खरड छाटणी, तेव्हा बाग इतकी उघडी दिसते की नवख्याला वाटावं हा माणूस बाग मोडतोय. ऑक्टोबरात गोडी छाटणी. डोळा कुठल्या बाजूला आहे ते बघून त्याच्या जरा वर सिकेटर लावायची, कापावर बोर्डो पेस्ट फासायची, आणि फूट कुठे जाईल हे कापायच्या आधी डोळ्यांसमोर आणायचं. वड घरी आणल्यावर अण्णा बघायला आले. खोडावरून बोट फिरवत म्हणाले, "बुड चांगलं आहे. याचे ओलांडे कुठे करणार?" ओलांडे म्हणजे द्राक्षवेलीच्या आडव्या मुख्य फांद्या. मी समोरची बाजू दाखवली. त्यांनी मान हलवली. "झाडाची समोरची बाजू आपण ठरवत नाही, बाळा. ऊन ठरवतं. हे चौकाकडे झुकलंय, कारण ऊन चौकात होतं."

तर भांडण या दोन बाजूंचं आहे: सरांची चौकाकडची, माझी भिंतीकडची. चौकाकडून बघितलं तर झाड बघणाऱ्याकडे थोडं वाकलेलं दिसतं, जसं पुस्तकात हवं असतं. खोडाची वळणं दिसतात. सासूबाईंचे घाव दिसतात. वडाचं मेलेलं लाकूड ज्युनिपरच्या लाकडाइतकं टिकत नाही, पावसात मऊ पडून कुजतं. म्हणून वड जखम उघडी ठेवत नाही, कडेने साल सरकवत सरकवत ती मिटवून टाकतो. दरेक दिवाळीची एकेक गाठ, एकावर एक. भिंतीकडून बघितलं तर हे काही दिसत नाही. खोड सपाट. झाड बघणाऱ्यापासून लांब कललेलं, शेंडा पाठीमागे गेलेला, आणि हा मोठा दोष धरतात, तो आहेही. पण बुडाशी मुळं आहेत. ती मातीत मोकळी वाढलेली नाहीत, चुन्याच्या सांध्यांतून गेली आहेत. सांधा आडवा तिथे मूळ आडवं, वीट संपली तिथे काटकोनात खाली, पुन्हा आडवं. वीट होती तिथे चपटं, सांधा रुंद होता तिथे फुगलेलं. एका मुळावर विटेची कड इतकी स्वच्छ उमटली आहे की बोटाने चाचपता येते. मधे मधे चुन्याचा पांढरा खडा अजून रुतलेला आहे, मी तो काढलेला नाही. काटकोनात वळणारं मूळ डोंगरातल्या झाडाला नसतं. सरांना ते खटकलं असणार आणि त्यांच्या शिस्तीत ते बरोबर आहे. मुळांचा पसारा बुडापासून चहूकडे सहज फाकलेला दिसावा, झाड रानात वाढल्यासारखं वाटावं, हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

पण हे झाड रानात वाढलेलंच नाही. ते तिवंध्याला वाढलंय.

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक पांढरा पाइन आहे. १६२५ पासून कुंडीत वाढवलेला. हिरोशिमाच्या मसारू यामाकी यांनी तो १९७६ मध्ये अमेरिकेला भेट दिला. २००१ मध्ये यामाकींचे नातू तो बघायला गेले, तेव्हा कुठे तिथल्या लोकांना कळलं की ६ ऑगस्ट १९४५ला हे झाड बॉम्ब पडल्या जागेपासून साधारण तीन किलोमीटरवर होतं, आणि यामाकींच्या बागेच्या भिंतीआड असल्यामुळे वाचलं. इतकी वर्षं लोक त्याच्यासमोरून ये-जा करत होते. मी त्याचे फोटो पुन्हा पुन्हा बघते. हिरवीगार, भरगच्च छत्री, जाड खोड, खाली शांत कुंडी. ती भिंत कुठल्या अंगाला असेल ते मी दर वेळी शोधते, आणि दर वेळी सापडत नाही. आमच्या झाडावर ती सापडते. वाड्याचे फोटो आहेत घरात, मुंजीतले, लग्नातले, पंगतीतले. त्यांत चौक आहे, माणसं आहेत, एका फोटोत तर न्हाणीघराच्या दारातला बंबसुद्धा आहे. भिंतीच्या आतली बाजू कशातच नाही. ती बांधली गेल्यापासून कुणी पाहिलीच नव्हती, या झाडाखेरीज. ही माझी बाजू. मी ती सरांपुढे मांडू शकले नाही, कारण तेव्हा ती मलाच अशी शब्दांत सापडली नव्हती.

त्या रविवारनंतर काही दिवसांनी सासूबाई बाल्कनीत आल्या. आता त्यांना कमी दिसतं, हाताने चाचपून बघायची सवय लागली आहे. कुंडी तेव्हा माझ्या काडीप्रमाणे वळवलेली होती, भिंतीकडची बाजू पुढे. त्यांनी मुळांवरून हात फिरवला, म्हणाल्या, "हे कुठलं गं? नवीन आणलंस?" मी म्हटलं, "आई, आपलं न्हाणीघरामागचं." त्या जरा गप्प राहिल्या. मग हात खोडाच्या मागे गेला, गाठींपर्यंत. एक गाठ, तिच्यावरची दुसरी, तिच्यावरची तिसरी. चेहरा बदलला. "हो. हेच ते. असं पाठमोरं का ठेवलंस त्याला?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुळांचे काटकोन, चुन्याचे सांधे, कुणी न पाहिलेली आतली बाजू, सगळं मला पाठ होतं. पण जिने ते झाड वर्षानुवर्षं रोखून धरलं, म्हणजे खरं तर घडवलं, तिला ते माझ्या बाजूने ओळखू येत नाही, हेही तितकंच खरं. सर नियमाने चौकाची बाजू म्हणतात, अण्णा उन्हाने म्हणतात, आई हाताने म्हणतात. तिघांना आडवं जाऊन मी कुणासाठी भिंतीची बाजू धरून बसले आहे? रात्री यावर बराच वेळ जागी होते. मला त्या घरात येऊन जे मिळालं, जे सोसलं, तेही असंच चौकात न दिसणारं होतं का, असं काहीतरी मनात येत होतं. त्याच्या फार खोलात मी जात नाही.

सकाळी उठून मी अण्णांचं ऐकलं. कुंडी फिरवली आणि भिंतीकडची बाजू उन्हाला केली. जन्मापासून त्या अंगाला ऊन लागलं नव्हतं. फाल्गुनात जुनी पानं गळाली, तांबूस नवी पालवी आली, आणि खोडाच्या सपाट अंगावर, बुडापासून वीतभर वर, सालीतून एक डोळा सुजून वर आला. मी अण्णांना फोटो पाठवला. त्यांनी लगेच फोन केला. "त्याला हात लावू नकोस. शेंडा मारू नकोस. मोकळा पळू दे. याच्यावरच पुढचं झाड उभं राहणार." बोन्सायच्या भाषेतही हेच सांगतात. नव्या फुटव्याला वाटेल तितकं वाढू द्यायचं, लांबी वाढली की जाडी वाढते, आणि पुरेसा जाड झाला की तोच नवा शेंडा. जुना शेंडा तोवर हळूहळू कमी करत न्यायचा, एकदम नाही. पुढच्या रिपॉटिंगला कुंडीतला कोन बदलायचा, झाड माझ्या बाजूला थोडं उभं करायचं, म्हणजे मागे कलणंही कमी होईल. काटकोनातली मुळं तशीच वर दिसत राहतील. हे सगळं बसायला काही पावसाळे जातील आणि जाऊ देत.

चैत्रात फुटव्याला अॅल्युमिनियमची तार लावली, फांदीच्या एकतृतीयांश जाडीची, पंचेचाळीस अंशांत तिरकी फिरवत, खालचे वेढे खोडावर पक्के करून. वडावरची तार पावसाळ्यात डोळ्यांत तेल घालून बघावी लागते. झाड इतक्या जोमाने जाडावतं की थोड्याच आठवड्यांत तार सालीत रुतते. काढताना उलगडायची नाही, तुकडे करून काढायची. कोवळा फुटवा वाकवताना मीही कान दिला होता. वड करकरत नाही, फक्त देठाशी चीक येतो, ओल्या फडक्याने टिपायचा.

जुना शेंडा पहिल्यांदा अर्ध्यावर आणायची वेळ आता आली आहे. तो शेंडा आईंच्या वाड्यातल्या शेवटच्या दिवाळीच्या गाठीतून निघालेला. मी त्यांना विचारलं, कापू का. विचारायला नको होतं असं म्हणणारे घरात होते, पण मला विचारावंसं वाटलं. त्या म्हणाल्या, "काप की. मी नाही का कापत होते? पण गाठीच्या वर काप, गाठ राहू दे." मग थांबून म्हणाल्या, "ज्येष्ठातली पौर्णिमा होऊन जाऊ दे. त्याच्या आधी नको." कापायला ती वेळ तशीही उत्तम, मृग लागलेला असतो, हवेत ओल असते, घाव लवकर मिटतो. सोसायटीतल्या बायकांनी या वर्षी आमच्या बाल्कनीतच पूजा करायचं ठरवलं आहे, बाजारातून वडाची तोडलेली फांदी आणायची नाही म्हणून. सूत गुंडाळायचं तर तारेला धक्का न लावता कसं, हे मला त्यांना आधी नीट दाखवावं लागेल. सरांनाही फोन केला. काडी मी परत माझ्या बाजूला लावली आहे आणि का लावली आहे, ते सांगितलं. त्यांनी मधे काही प्रश्न विचारले, नव्या फुटव्याची जाडी, तो निघालाय ती उंची, कोन. मग म्हणाले, कापाल तेव्हा फोटो पाठवा, आणि मुळांचा जवळून एक पाठवा.